सिस्टर, तुम्ही स्वतः करता का?

आग्रही : डायबिटीसच्या रुग्णाला डिस्चार्ज देताना आपण काय काय सांगतो बघा. जेवणाच्या वेळा पाळा, रोज अर्धा तास चाला, झोप पुरी करा, मीठ कमी करा, दर तीन महिन्यांनी साखर तपासा. हे सगळं समजावून सांगणारी सिस्टर मात्र दुपारी चार वाजता चहाबरोबर वडापाव खाऊन वेळ मारून नेते. स्वतःची साखर तिनं शेवटची कधी तपासली हे तिलाही आठवत नाही. रुग्ण आठ-दहा दिवस खाटेवर पडून असतो, त्याला दुसरं काम नसतं, तो आपल्याकडेच बघत असतो. मग घरी जाताना तो विचारतो, ‘सिस्टर, तुम्ही स्वतः हे सगळं करता का?’ माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, या प्रश्नाला हसून बगल देऊ नका, कारण तो माणूस आपली थट्टा करत नसतो. इतके नियम एका आयुष्यात खरोखर मावतात का, हे त्याला समजून घ्यायचं असतं. आणि ज्यानं स्वतः ते नियम पाळून पाहिलेत तोच त्याला याचं उत्तर देऊ शकतो.

साशंक : मॅडम, सल्ला खरा की खोटा हे देणाऱ्याच्या कमरेच्या घेरावरून ठरत नाही. जिला डायबिटीस नाही ती सिस्टरही इन्सुलिन कसं टोचायचं ते शिकवते, आणि बरोबर शिकवते. मूल नसलेली सिस्टर बाळाला अंगावर घ्यायला शिकवते. आपला अधिकार आपल्या शिक्षणातून आणि वॉर्डातल्या वर्षांतून येतो. तुमचं बोलणं ऐकायला रास्त वाटतं, पण ते उद्या कुठं पोचेल याची मला धास्ती आहे. आपल्या लोकांसाठी बीएमआय २३ झाला की जास्त वजन आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. माझ्यासकट कितीतरी जणी या रेषेपलीकडे आहेत. आज तुम्ही म्हणता सिस्टरनं आदर्श घालून द्यावा. उद्या कुणी तरी ड्युटी रूममध्ये वजनकाटा आणून ठेवेल आणि नोंदवही लावेल. सिस्टरच्या दिसण्यावर बोलायला रुग्णापासून त्याच्या मामेभावापर्यंत सगळ्यांना आधीच मोकळीक आहे. त्यात आरोग्याचं कारण मिळालं की मग बघायलाच नको.

आग्रही : वजनकाट्याला माझाही विरोध आहे, तुमच्याइतकाच. पण उदाहरणाचा परिणाम होतो, हे नाकारू नका. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सिगारेटच्या सवयी विचारल्या, आणि पुढं कोण कशानं दगावतं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. १९५४मध्ये पहिले निष्कर्ष आले. आपल्याच व्यवसायातल्या माणसांचे मृत्यू मोजलेले पाहिल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सिगारेट सोडायला सुरुवात केली, सर्वसाधारण लोकांच्या आधी. डॉल यांनी स्वतःही सोडली होती. ओठांत सिगारेट धरून कुणी धूम्रपानाविरुद्ध बोलला असता तर किती ऐकलं गेलं असतं? दुसरी गोष्ट, स्वतः व्यायाम करणारे डॉक्टर रुग्णाशी व्यायामाबद्दल जास्त वेळा बोलतात, असं अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये दिसलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जी सवय आपल्याला जमलेली नसते तिच्याबद्दल बोलताना आपली जीभ अडखळते. आपण तो विषय टाळतो, किंवा छापील पत्रक हातात देऊन मोकळ्या होतो. नुकसान रुग्णाचं होतं, आणि त्याला ते कळतही नाही.

आता आपल्याकडचं घ्या. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. गावाकडे बायकांची तंबाखू म्हणजे मिश्री. तव्यावर भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावायची. गरोदर बाईला मिश्री सोडायला सांगणारी नर्सबाई त्याच गावची असते, कधीकधी तिच्या स्वतःच्या घरीही मिश्रीची डबी असते. जिनं ती सोडली आहे, ती पहिल्या आठवड्यात डोकं किती दुखतं, सकाळी पोट साफ होत नाही म्हणून बाई पुन्हा डबी कशी उघडते, हे जाणते. ती त्या गरोदर बाईला नेमकी त्याच दिवशी भेटायला जाईल. पाठ्यपुस्तकातून हे येत नाही.

साशंक : मिश्रीचं मान्य. पण मिश्री आणि सिगारेट या हातातल्या गोष्टी आहेत. सोडायला कठीण, तरी डबी तिच्याच हातात असते. झोप माझ्या हातात नाही. ती ड्युटी लिस्टमध्ये असते, आणि ड्युटी लिस्ट मी लिहीत नाही.

तुम्ही डॉक्टरांचा अभ्यास सांगितला, मी नर्सेसचा सांगते. अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० नर्सेसना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. बायकांच्या हृदयविकाराबद्दल, कॅन्सरबद्दल, आहाराबद्दल आज जगाला जे माहीत आहे त्यातला केवढा तरी भाग या नर्सेसनी वर्षानुवर्षं भरून पाठवलेल्या फॉर्ममधून आला. आणि त्यांच्याच माहितीतून हेही दिसलं, की अनेक वर्षं आलटून पालटून रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आणि २०१९ साली तेच कायम ठेवलं. म्हणजे रुग्णाला आपण ‘रात्री वेळेवर झोपा’ म्हणतो तेव्हा तो सल्ला आपल्या व्यवसायभगिनींच्या शरीरावरूनच शिकलेला असतो. आणि तो देऊन मी नाईटचा चार्ज घेते.

वॉर्डात काय होतं ते सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाचांमागे एक. मी चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटीनं रात्र काढली आहे, आणि खाटांच्या मधे जमिनीवर घातलेल्या गाद्या वेगळ्या. अशा रात्री पाणी प्यायचं नाही हे आम्ही एकमेकींकडून शिकतो. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि तेवढ्या पाच मिनिटांत कुणाची सलाईन संपते, कुणी खाटेवरून उतरायला बघतो. लघवीला जळजळ होते म्हणून आलेल्या बाईला मी ‘भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका’ असं सांगते, तेव्हा सकाळपासून मी स्वतः गेलेली नसते. इथं मी कोरडा पाषाण आहे असं तुम्ही म्हणणार असाल तर मला राग येईल.

आग्रही : तसं मी म्हणणार नाही.

साशंक : रक्ताचं घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. नर्सिंगच्या मुली याच घरांतून येतात. हॉस्टेलचं पातळ वरण आणि डबल ड्युटी यांतून त्यांचं हिमोग्लोबिन वाढेल अशी आशा धरणं कठीण. त्याच मुली गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या वाटतात आणि पालेभाजी, खजूर, गूळ-शेंगदाण्याचं सांगतात. सांगतात ते अगदी बरोबर. पण तिला जर कुणी विचारलं की तू हे खातेस का, तर तो प्रश्न तिच्या ताटाआधी मेसच्या कंत्राटाला विचारायला हवा.

आग्रही : तुम्ही सांगता त्यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. पण सगळंच ड्युटीच्या माथी मारलं की जे आपल्या हातात आहे तेही निसटतं. हिपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस, पहिला झाल्यावर एका महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. हे शिकवणाऱ्या माझ्याच क्षेत्रातल्या किती जणींचा तिसरा डोस राहिलेला असतो! त्याला नाईट ड्युटी कारण नाही. १६ जानेवारी २०२१ला कोविडची लस आरोग्य कर्मचाऱ्यांना सगळ्यांच्या आधी मिळाली, तेव्हाही आपल्यातल्या काही जणी मागं सरकल्या, आणि ज्यांना आपण ‘लस घ्या’ म्हणत होतो ते लोक आपल्याकडेच डोळे लावून होते. हात धुण्याचं तर बोलायलाच नको. व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसनं शवविच्छेदन करून बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्यानं घटले. आज कुणी सिस्टर म्हणेल का, की हात धुणं हा माझा खाजगी प्रश्न आहे?

साशंक : नाही म्हणणार, आणि माझी रेषा तिथंच आहे. माझ्या हातातून, माझ्या श्वासातून जे रुग्णाकडे जाऊ शकतं ते माझं कर्तव्य. हात, लस, ताप असताना वॉर्डात न येणं, दोन आठवडे खोकला असेल तर बेडका तपासून घेणं. यात सवलत नको. पण माझी साखर, माझं वजन, मी चालते की नाही, हे माझ्या शरीरापुरतं आहे. त्यानं रुग्णाचं काही बिघडत नाही. तिथं मला माणूस म्हणून चुकायची मुभा हवी, जशी ती बँकेतल्या कारकुनाला असते.

आग्रही : रेषा चांगली आहे, पण झोपेपाशी ती टिकत नाही. झोप तुमच्या शरीरापुरती आहे की रुग्णाची? अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात नर्सेसनी आपल्या कामाच्या तासांच्या आणि चुकांच्या नोंदी स्वतःच ठेवल्या होत्या. साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम केलं की चूक होण्याची शक्यता तिप्पट झालेली दिसली. पोटॅशियमची व्हायल आणि दुसरी कुठली व्हायल यांतला फरक पहाटे चार वाजता डोळ्यांना दिसावा लागतो. आणि सगळी जागरणं ड्युटी लिस्टमधून येत नाहीत. दिवसा एका रुग्णालयात आणि रात्री दुसऱ्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या कितीतरी जणी तुम्हाला माहीत आहेत. त्यांना कुणी जबरदस्ती केलेली नसते.

साशंक : जबरदस्ती कशाला म्हणायचं ते आधी ठरवू. कंत्राटी नेमणूक, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश, घराचा हप्ता, मुलाच्या क्लासची फी. दुसरी नोकरी ती हौसेनं करत नाही. जिला एकच नोकरी आहे तिनं तरी झोपायचं कधी? नाईट करून सकाळी नऊला घरी पोचलेल्या बाईला दुपारी झोपू देणारी घरं किती आहेत? पोचल्यावर डबे, कपडे, सासूबाईंचं औषध, शाळेतून येणारं मूल. अकरा वाजता पडदे ओढून पडली तर ‘सून दिवसा झोपते’ हे शेजारीपाजारी होतं. तिचा नवरा रात्रपाळी करून आला असता तर घरात कुणी भांडं वाजवलं नसतं. रुग्णाला झोपेचं महत्त्व सांगताना तिची जीभ अडखळते, मॅडम, त्याची मुळं इतकी लांब गेलेली आहेत. तुम्ही ती तिच्या चारित्र्यात शोधता.

आग्रही : चारित्र्यात शोधत नाही. मला उलट वाटतं, आपण तिला स्वतःकडे दुर्लक्ष करायला शिकवलं आणि त्या दुर्लक्षाची पूजा केली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाहून १८५६ साली परतल्या त्या आजार घेऊन. पुढची कितीतरी वर्षं त्या बहुतेक वेळ खोलीत, अंथरुणावर होत्या. परिचर्येवरचं ते प्रसिद्ध पुस्तक १८५९ साली लिहिलं गेलं ते याच काळात. मोकळी हवा, उजेड, शांतता यांचं महत्त्व त्यांनी त्यात जगाला सांगितलं. आपल्या सावित्रीबाई १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना स्वतःच प्लेगनं गेल्या. त्यांच्यापुढं मान लववताना माझे डोळे भरतात. पण दरवर्षी १२ मेला परिचारिका दिनाची भाषणं ऐकताना मला वाटतं, की त्या संकटकाळातलं बलिदान आपण रोजच्या ड्युटीचं मोजमाप करून ठेवलं आहे. ‘स्वतःचा विचार न करता झटणारी परिचारिका’ असं टाळ्या घेणारं वाक्य म्हणायचं, आणि मग त्याच परिचारिकेनं रुग्णाला स्वतःचा विचार करायला शिकवावं अशी अपेक्षा धरायची! अमेरिकन नर्सेसच्या २०१५च्या आचारसंहितेत एक कलम होतं: नर्सचं जे कर्तव्य इतरांप्रती आहे तेच स्वतःप्रतीही आहे. मला माझ्या मुलींना हे शिकवायचं आहे. दोन घास वेळेवर खाणं हा स्वार्थ नाही, तो आपल्या कामाचा भाग आहे.

साशंक : हे तुम्ही आधी म्हणाला असता तर मी इतकी भांडले नसते. आंतरराष्ट्रीय नर्सेस परिषदेची २०२१ची सुधारित आचारसंहिता मीही वाचली आहे. नर्सनं आपल्या प्रतिष्ठेला आणि आरोग्याला मोल द्यावं, असं त्यात आहे. पण त्याला लागूनच पुढं येतं, की त्यासाठी कामाचं वातावरण चांगलं हवं, पुरेशी साधनसामग्री हवी, व्यवस्थापन नीट हवं, कामावरची सुरक्षितता हवी. लिहिणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. आपल्याकडे पहिलं वाक्य वर्गात शिकवलं जातं आणि दुसरं वाक्य संपाच्या निवेदनात येतं. दोन्ही एकाच तोंडून आलेली मी क्वचित ऐकली आहेत.

आग्रही : माझ्या वर्गात यापुढं येतील. पण मग त्या रुग्णाचं काय? त्याला आज, याच तुटपुंज्या वॉर्डात उत्तर हवं आहे. ‘तुम्ही स्वतः करता का?’

साशंक : मी खरं सांगते. ‘दादा, मलाही सगळं जमत नाही. रात्रपाळी असली की माझं चालणं बुडतं. पण भात कमी केला आहे.’ माझा अनुभव असा, की यानंतर तो मोकळा होतो. जेवणात खरं काय खातो ते सांगतो. त्याआधी तो आपल्याला आवडेल ते सांगत असतो.

आग्रही : एखादा मोकळा होईल. दुसरा म्हणेल, सिस्टरलाच जमत नाही तर मी कशाला धडपडू? त्याचे पाय आधीच बधिर झाले असतील तर ही पळवाट त्याला महागात पडेल.

साशंक : शक्य आहे. माझ्याबरोबरची एक सिस्टर स्वतः अनेक वर्षं डायबिटीसची आहे. पायांची काळजी शिकवावी तर तिनंच. ती सांगते, रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवा, लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला तर काय बोलायचं. लोक तिचं ऐकतात. तिची साखर मात्र कायम चढलेलीच असते, आणि वजनही आहे. आता सांगा, ती तुमच्या पारड्यात की माझ्या?

आग्रही : माझ्या. कारण ती करते आहे. मी कधीच म्हटलं नाही की सिस्टरची साखर नॉर्मल असावी. ती त्या वाटेवर असावी, एवढंच मी मागते.

साशंक : पण वाटेवर असणं दिसत नाही ना. रुग्णाला दिसतं ते तिचं शरीर. तिनं दुपारी सोडलेला भात त्याला दिसत नाही, वाढलेलं पोट दिसतं. तुमचं तत्त्व प्रयत्नाचं आहे, पण ते तपासलं जाणार निकालावरून. आणि तपासणारी माणसं तुमच्याइतकी समजूतदार नसतील.

आग्रही : म्हणून तर मला तपासणी हवी, आणि ती दिसण्यावरून होऊ नये. प्रत्येक सिस्टरची वर्षातून एकदा साखर, बीपी, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे, लसीची नोंद. खर्च रुग्णालयाचा, वेळ ड्युटीतला. आपण ज्या तपासण्या लोकांना करायला सांगतो त्या आपल्या मुलींच्या निदान एकदा तरी व्हाव्यात.

साशंक : रिपोर्ट कुणाकडे जाणार?

आग्रही : तिच्याकडे आणि तिच्या डॉक्टरकडे. आणखी कुणाकडेही नाही.

साशंक : ती कंत्राटी असेल तर? तिच्या अकरा महिन्यांच्या आदेशावर सही करणारा माणूस रिपोर्ट बघणार नाही, याची हमी कोण देईल? तरी धरू या की हमी मिळाली. आता असं समजा, ती इन्सुलिनवर आहे, साखर अचानक उतरते, आणि ती आयसीयूमध्ये नाईट करते. पहाटे तिला घाम फुटला, हात थरथरले, तर समोरच्या रुग्णाचं काय? तेव्हा तुम्ही तो रिपोर्ट मेट्रनला दाखवाल?

आग्रही : आधी तिला विचारेन.

साशंक : ती नको म्हणाली. नाईट भत्ता आणि नोकरी दोन्ही जातील म्हणून.

आग्रही : तिला डे ड्युटी देता येण्याइतका स्टाफ असेल तर ती नको म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे. तेवढा स्टाफ नसेल तर... तर तिच्या नकाराला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मला तिचं गुपित राखावंसं वाटतं, आणि त्या आयसीयूमधला माणूसही माझाच आहे.

साशंक : मी तिच्या बाजूनं उभी राहीन असं तुम्ही धरून चालला असाल. उभी राहीनही. पण मघाशी मी जी रेषा ओढली होती, ‘तिची साखर तिच्यापुरती’, ती इथं माझ्याच्यानं धरवत नाही. त्या रुग्णाची बायको बाहेर बाकावर बसलेली असते, मॅडम. तिनं सकाळी मला विचारलं, की रात्री आत कोण होतं, तर मी तिला काय सांगू?